जुन्या वर्षासाठी सह्या

आपण एक चित्रपट काढावा, असं दॉन विल्फ्रिदो आस्तुदियो यांच्या मनात आलं ते पावाच्या रांगेत. वास्तविक पावाच्या रांगेत माणसाच्या मनात पावाशिवाय दुसरं काही येऊ नये. पण त्या सकाळी त्यांच्या पुढे दोन्या तारहेलिया उभ्या होत्या (तिकडे मानानं बाप्याला दॉन म्हणतात, बाईला दोन्या), आणि दोन्या तारहेलियांनी पिशवी उघडता उघडता सहज सांगून टाकलं की जानेवारीत त्या स्पेनला मुलीकडे चालल्या आहेत. कायमच्या.

बेकरीवाले दॉन हेर्मेल चिमट्यात पाव धरून तसेच उभे राहिले.

"म्हणजे यंदाचं मृत्युपत्र शेवटचं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या हातचं शेवटचं," दोन्या तारहेलिया म्हणाल्या. "आणि काय हो, हा पाव मागच्या वर्षी एवढाच होता का?"

मृत्युपत्र दोन्या तारहेलियांचं स्वतःचं नव्हे, हे आधी सांगून टाकलेलं बरं. बाई ठणठणीत होत्या. मृत्युपत्र जुन्या वर्षाचं. सान अलेहो या गावातच काय, सगळ्या एक्वादोरात डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी गल्लोगल्ली भुसा भरलेला एक पुतळा खुर्चीवर बसवतात. अंगात कुणाचे तरी जुने कपडे, तोंडावर कागदाच्या लगद्याचा मुखवटा. हे सरतं वर्ष. मध्यरात्री त्याला जाळायचं. पण मरण्याआधी शहाणा माणूस जे करतो ते हाही करतो. आपल्या मालमत्तेची वाटणी करतो. ही वाटणी यमकांत असते. चिकट माणसाला तो आपलं फाटकं पाकीट ठेवतो, घोरणाऱ्याला आपली उशी, दुसऱ्यांच्या भांडणात नाक खुपसणाऱ्याला नाक. वर्षभर ज्यानं जे केलं ते चारचौघांत, मोठ्यानं, त्याच्या बायकोदेखत वाचून दाखवलं जातं. माणसं पोट धरून हसतात, कागद पुतळ्याच्या खिशात कोंबतात आणि काडी लावतात.

मेणबत्तीवाल्यांच्या गल्लीचं मृत्युपत्र इतकी वर्षं दोन्या तारहेलिया लिहीत आल्या होत्या. त्यांचं औषधाचं दुकान होतं. गल्लीतली प्रत्येक मूळव्याध त्यांना नावानिशी माहीत होती, पण तिच्यातलं एक अक्षर कधी मृत्युपत्रात उतरलं नाही. काउंटरवर कळलेलं वेगळं आणि खिडकीतून दिसलेलं वेगळं, असा त्यांचा नियम होता. खिडकीतूनही पुष्कळ दिसत असे.

आता दॉन विल्फ्रिदोंचं दुखणं. सगळं आयुष्य त्यांनी पाणीखात्यात लोकांच्या तक्रारी लिहून घेण्यात घालवलं. स्वतः कधी कुणाची तक्रार केली नाही, त्यांची कुणी केली नाही. आणि इतक्या वर्षांत एकाही मृत्युपत्रात त्यांचं नाव आलं नव्हतं. एकदा त्यांच्या मांजराला काहीतरी मिळालं होतं, त्यांना नाही. हे ते कुणाला बोलून दाखवत नसत. आपली थट्टा कोणी करत नाही म्हणून माणूस तक्रार तरी कुठे करणार? असला विभाग पाणीखात्यातही नव्हता.

"त्यांचा आवाज जपून ठेवला पाहिजे," घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. "एक चित्रपट. छोटासा. आपल्या गल्लीचं शेवटचं मृत्युपत्र."

"मग फाउस्तोला सांगा. मोबाइल धरेल तो उभा," नार्सिसाबाई कांदा चिरत म्हणाल्या. फाउस्तो हा त्यांचा भाऊ. लग्नांची आणि मुंजीसारख्या त्या पहिल्या प्रसादाच्या समारंभांची चित्रणं काढणं हा त्याचा धंदा, त्यामुळे त्याच्या हातून काहीही निघालं तरी त्यात शेवटी फुलांचा गुच्छ दिसे.

"मोबाइल नाही. रीतसर. नगरपालिकेच्या सभागृहात दाखवायचा."

"म्हणजे तुम्ही परवानगी घेणार."

"विचारायला काय जातंय?"

नार्सिसाबाईंनी कांदा बाजूला ठेवला. डोळ्यांत पाणी होतंच. "अहो, लग्नाच्या आधी तुम्ही माझ्या बापाला विचारलंत, माझ्या आईला विचारलंत, पाद्रीबाबांना विचारलंत. मला शेवटी विचारलंत. माझं लग्न ठरतंय हे शेजारणीकडून कळलं होतं मला."

दॉन विल्फ्रिदोंनी हा मुद्दा ऐकला नाही. त्यांनी टोपी घातली आणि ते निघाले.

सांस्कृतिक विभागात सेन्योरिता पिएदाद नावाची बाई बसत असे. आपल्याला टेबलापलीकडची माणसं चांगली कळतात, कारण आपण जन्मभर पलीकडेच बसलो, अशी दॉन विल्फ्रिदोंची समजूत होती. ती त्या दिवशी खोटी ठरली. सेन्योरितांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "छान कल्पना आहे. फाइल आणा."

फाइलीत काय काय असावं? चित्रात जो दिसेल त्याची लेखी संमती. ज्याचा आवाज ऐकू येईल त्याची. नुसतं नाव येईल त्याचीही. मूल दिसलं तर आईची आणि बापाची, दोघांची, मग ते एकमेकांशी बोलत नसले तरी. गाणं वाजलं तर गाणं ज्याचं त्याची. पुतळा जाळायचा तर अग्निशमन दलाची. आणि मुखवटा?

"मुखवट्याचं काय?"

"तो कुणाचा तरी असेल ना? ज्याचा असेल त्याची."

"सेन्योरिता, मृत्युपत्रात लोकांची टिंगल असते. टिंगल करू का म्हणून विचारायचं?"

सेन्योरितांनी चष्मा काढला. "मागे एकानं आमच्याकडे बाजारातल्या बायकांवर चित्रपट केला होता. फार सुंदर. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. त्यात भुईमूग विकणारी एक बाई होती. ती नवऱ्याचा मार चुकवून इथे येऊन राहिली होती, हे कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यानं ते चित्र ग्वायाकिल शहरात बसून पाहिलं." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. "ती बाई गाव सोडून गेली. कुठे, ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. तेव्हापासून मी फाइल मागते."

दॉन विल्फ्रिदो तिथून निघाले तेव्हा त्यांना पहिल्यांदाच असं वाटलं की कागद ही नुसती छळायची गोष्ट नसावी. पाणीखात्यात इतकी वर्षं काढून हे आधी का सुचलं नाही, याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

गल्लीत वकील एकच, डॉक्टर बोलिवार कोबोस. एक्वादोरात वकिलाला डॉक्टर म्हणतात. तो जगवत कुणालाच नाही, पण म्हणतात. डॉक्टर कोबोसांनी संमतीपत्राचा मसुदा फुकट करून दिला, आणि फुकटच्या सल्ल्याला असतो तसा त्याला एक फाटा होता.

"संमती देणाऱ्याला कशाला संमती देतोय ते माहीत पाहिजे, दॉन विल्फ्रिदो. नाहीतर ती संमतीच नव्हे."

"पण मृत्युपत्र त्या दिवसापर्यंत गुपित असतं. दोन्या तारहेलिया कुणाला दाखवत नाहीत."

"मग असं लिहू: माझ्याविषयी जे काही वाचलं जाईल त्याला माझी हरकत नाही, खालील अटी वगळता. आणि खाली जागा सोडू." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "आणि माझ्या कागदावर एक अट आत्ताच लिहून टाका."

डॉक्टर कोबोसांची अट वाजवी होती. पुतळ्याच्या चार विधवा असतात. म्हणजे गल्लीतलेच चार पुरुष बायकांचे काळे झगे घालून, रडतभेकत, रस्त्यात दोर आडवा धरून मोटारवाल्यांकडून नवऱ्याच्या क्रियाकर्मासाठी नाणी मागतात. त्यातली सर्वांत उंच, सर्वांत दुःखी विधवा म्हणजे डॉक्टर कोबोस. वर्षाचे बाकीचे दिवस ते न्यायालयात उभे राहत. "चेहरा झाकायचा," ते म्हणाले. "न्यायाधीशबाई चित्रपट बघतात." मग थोडं थांबून, "पाय दाखवले तरी चालतील."

दॉन विल्फ्रिदो कागद घेऊन दारोदार फिरू लागले. जो तो तेच म्हणे: "ठेवून जा. घरी वाचतो." जणू ते दुसरीकडे कुठे उभे होते. आणि दुसऱ्या दिवशी कागद परत येई तो अटींसह.

दॉन हेर्मेलांची अट: 'पावाच्या वजनाचा उल्लेख नसावा.' आता पावाच्या वजनाबद्दल गल्लीत थोडीफार कुजबुज होती हे खरं, पण ते कुणी सिद्ध केलं नव्हतं. ते दॉन हेर्मेलांनी सही करून सिद्ध केलं. खाणावळवाल्या दोन्या एउदोक्सियांनी लिहिलं, 'केसांच्या रंगाविषयी आणि सप्टेंबरातल्या त्या पाहुण्याविषयी काही येऊ नये.' दॉन विल्फ्रिदोंना सप्टेंबरातला पाहुणा माहीतही नव्हता. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि कान लाल करून फाइलीत घातला. एका गृहस्थांनी शेजाऱ्याचं कौतुक होणार असेल तर आपली संमती नाही, असं कळवलं. कुत्र्याच्या मालकानं कुत्र्याचं संमतीपत्र वेगळं मागितलं. मालक वेगळा, कुत्रा वेगळा.

पंधरवड्यात दॉन विल्फ्रिदोंना गल्लीतलं ते सगळं कळलं जे दोन्या तारहेलियांना खिडकीतून कधी दिसलं नव्हतं. रात्री अंथरुणावर ते तळमळत. "नार्सिसा, हेर्मेलची मुलगी—" एवढं म्हणून ते थांबत.

"काय हेर्मेलची मुलगी?"

"काही नाही. ते अटीत आहे."

"चाळीस माणसांची भानगड डोक्यात आणि बायकोला सांगायची सोय नाही. चांगला धंदा आहे!" नार्सिसाबाई कूस बदलत. पण खरं सांगायचं तर नवऱ्याबद्दल त्यांना थोडा आदर वाटू लागला होता. जन्मात पहिल्यांदाच तो काहीतरी लपवत होता.

इकडे गल्लीवर वेगळंच संकट आलं. आपण चित्रपटात येणार हे कळल्यापासून माणसं नीट वागू लागली. बेकरीतला पाव फुगला. रात्री रेडिओ मोठ्यानं लावणाऱ्यानं तो बंद केला. दोन भाऊ भिंतीवरून वर्षानुवर्षं भांडत आले होते. ते एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणू लागले, आणि ते ऐकवत नसे. दोन्या तारहेलिया खिडकीत बसत आणि हातातली पेन्सिल तशीच परत ठेवून देत. "काय चाललंय काय ह्या गल्लीत?" त्या दॉन विल्फ्रिदोंवर खेकसल्या. "कुणी मेलंबिलं आहे का?"

मुखवट्याची बैठक बेकरीच्या मागच्या अंगणात झाली. दरवर्षी परदेशी कार्टूनमधला एखादा उंदीर किंवा लाल चड्डीवाला वीर करतात. डॉक्टर कोबोस म्हणाले, त्यांच्या मालकांचे वकील महागडे असतात. मग कुणी मंत्र्याचं नाव काढलं. अब्रूनुकसानी. फुटबॉलच्या पंचाचं काढलं. त्याच्या विधवेची परवानगी लागेल. "तो जिवंत आहे," कुणी म्हणालं. "मग त्याची," डॉक्टर म्हणाले.

शेवटी असं ठरलं की मुखवटा कुणाचाही नसावा. जिवंत वा मृत, कोणाही व्यक्तीशी साम्य नसलेला. नाक मध्यम. मिशी असू नये, पण नाहीच असंही वाटू नये. केस विंचरलेले. दॉन हेर्मेलांनी स्वतः लगदा थापला, रंग दिला, वाळवला आणि पुतळ्याच्या मानेवर बसवला. पुतळ्याला राखाडी कोट आणि टोपी घातली. अंगणातली माणसं बघत राहिली.

नार्सिसाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे तर तुम्ही!"

दॉन विल्फ्रिदो पुतळ्याकडे पाहत होते आणि पुतळा दॉन विल्फ्रिदोंकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: कुठे सही करू? कुणीतरी शिंकल्यासारखं हसलं आणि ते तोंडातच दाबलं. दॉन विल्फ्रिदोंना काय वाटलं ते सांगणं सोपं नाही. अपमान वाटला, हे नक्की. पण अपमानाच्या खाली कुठेतरी, जिथे माणूस सहसा बघत नाही तिथे, थोडं बरंही वाटलं. "साम्य योगायोगानं आहे," ते ताठ होऊन म्हणाले आणि चहा न घेता घरी गेले.

वर्ष संपायच्या आदल्या दिवशी फाइल तयार झाली. अग्निशमन दलाचा शिक्का, मुलांच्या आईबापांच्या सह्या, गाण्याऐवजी हेर्मेलांच्या मेहुण्यानं गिटारवर रचलेली एक चाल, जी सगळ्यांना आधी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती. सेन्योरिता पिएदादांनी एकेक पान उलटलं. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

"आणि लिहिणाऱ्या बाईंची?"

"कोण?"

"मृत्युपत्र ज्यांनी लिहिलं त्यांची. मजकूर त्यांचा, आवाज त्यांचा. त्यांचीच नाही."

दॉन विल्फ्रिदोंनी फाइल आपल्याकडे ओढून पुन्हा चाळली, जणू त्यांना माहीतच नव्हतं. कुत्र्याचा कागद होता. दोन्या तारहेलियांचा नव्हता.

दोन्या तारहेलियांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. भिंतीवर जिथे तसबिरी होत्या तिथे चौकोन उरले होते. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला नाही, आणि गुडघ्यावर ठेवला.

"महिनाभर तुम्ही फिरताय, दॉन विल्फ्रिदो. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, आज येतील, उद्या येतील."

"माझ्या मनात आलंच नाही. म्हणजे... हे सगळं तुमच्यासाठीच तर चाललं होतं."

"माझ्यासाठी असलं की मला विचारायचं नसतं?"

दॉन विल्फ्रिदोंना कांदा चिरणाऱ्या नार्सिसाबाई आठवल्या. त्यांनी टोपी काढली.

"नाही," दोन्या तारहेलिया म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी सही करणार नाही."

"पण का? सगळ्यांनी दिली आहे. अटींसकट का होईना."

"तुम्हाला काय वाटतं, हेर्मेल माझ्यावर चिडत नाही? चांगला चिडतो. त्या रात्री तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मग कागद जळतो. आणि सकाळी पहिला गरम पाव मला आणून देतो. का? तर ते जळलेलं असतं. जळणार म्हणून मी लिहिते. जळणार म्हणून ते ऐकून घेतात. उद्या तेच सभागृहात, मग परवा त्याच्या जावयाच्या मोबाइलवर, मग त्याच्या नातवंडांसमोर... ते मृत्युपत्र नव्हे, बाबा. तो गुन्ह्याचा दाखला झाला."

खोलीत कुठेतरी एक घड्याळ खोक्यात बंद करूनही टिकटिकत होतं.

"तुम्ही जाल," दॉन विल्फ्रिदो म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "आणि आमच्याकडे काहीच उरणार नाही. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय वर्ष संपल्यासारखं वाटत नाही मला. घरात कुणाला हे कळत नाही. मला रडू येतं, दोन्या तारहेलिया."

दोन्या तारहेलियांनी हात पुढे करून त्यांच्या बाहीवर ठेवला. "मग येऊ दे. माझी आठवण यावी असंच वाटतं मला. बटण दाबलं की मी बोलायला लागते, हे नको. बटण दाबून आलेल्या माणसाची कुणी वाट बघत नाही."

दॉन विल्फ्रिदो उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. हा प्रश्न त्यांनी इतकी वर्षं टोपीखाली ठेवला होता.

"एक विचारू? माझ्या नावानं कधी काही निघालं नाही. मांजराच्या नावानं निघालं."

दोन्या तारहेलिया हसल्या. "दरवर्षी शोधत होते हो. तुमच्या हातून काही घडलं तर ना! मांजरानं निदान मासा पळवला होता."

"आणि यंदा?"

"मृत्युपत्र आधी वाचून दाखवत नाहीत," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, फाउस्तोनं सगळं ऐकलं आणि खांदे उडवले. त्यानं पुतळ्याच्या टोपीत माइक आधीच बसवून ठेवला होता. "भाऊजी, बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत. एका म्हातारीची नाही. ती पुढच्या महिन्यात समुद्रापलीकडे. तिथून काय खटला भरणार? आणि सेन्योरितेला म्हणावं, तोंडी परवानगी होती. तुमच्यावर कोण अविश्वास दाखवेल? तुम्ही तर..." त्यानं पुतळ्याकडे बोट दाखवलं.

हे खरं होतं, आणि म्हणूनच बोचलं. दॉन विल्फ्रिदोंच्या शब्दावर अख्ख्या गावात कुणी शंका घेतली नसती. जन्मभर प्रामाणिक राहिल्याचा एवढा एकच उपयोग त्यांच्यापुढे उभा राहिला होता: एकदा खोटं बोलून खपवता येईल. त्यांना तो आवाज हवा होता. दुसरं काही नको, निदान त्यातल्या चार ओळी. ते अंगणात पुतळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. विधवा काळे झगे चढवत होत्या, डॉक्टर कोबोसांचा झगा मागून बसत नव्हता, आणि डुकराचं मांस भाजल्याचा वास सगळीकडे पसरला होता.

शेवटी त्यांनी स्वतः पुतळ्याची टोपी काढली, आतला माइक उपसला आणि फाउस्तोच्या हातात दिला.

"वेड लागलंय तुम्हाला," फाउस्तो म्हणाला.

"असेल. आवाज नको. कॅमेरा वाचणाऱ्याकडे नको. ऐकणाऱ्यांकडे ठेव. त्यांच्या सह्या आहेत आपल्याकडे."

मग ते पुन्हा एकदा दोन्या तारहेलियांच्या खिडकीखाली गेले आणि वर बघून त्यांनी विचारलं, नुसते चेहरे चालतील का, आवाजाविना. दोन्या तारहेलिया कपाळाला पावडर लावत होत्या. "चेहरे त्यांचे आहेत. त्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या. "पण विचारलंत ते बरं केलंत."

वाचन झालं. गल्लीतल्या माणसांना काय काय मिळालं ते इथे सांगत नाही. तो कागद जळला, आणि जळलेलं सांगत सुटणं बरं नव्हे. एवढं म्हणता येईल की महिनाभराच्या सभ्यपणावरच दोन्या तारहेलियांनी सगळं मृत्युपत्र रचलं होतं. त्या भावांचं "आधी तुम्ही" ऐकून लोक खुर्च्यांवरून खाली आले. पावाच्या वजनाचा उल्लेख नव्हता; पाव अचानक फुगला कसा, एवढंच होतं. फक्त शेवटचं कडवं सांगायला हरकत नाही, कारण ज्याचं आहे तो स्वतःच ते येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणून दाखवतो. दोन्या तारहेलियांनी कागद डोळ्यांजवळ धरला, पुतळ्याकडे पाहिलं, मग गर्दीत मागे उभ्या असलेल्या त्याच तोंडाच्या माणसाकडे पाहिलं:

विल्फ्रिदोला काय ठेवू? चूक त्याची सापडेना,
परवानगी हातात नसता शिंकसुद्धा येईना.
त्याला माझा चेहरा ठेवतो, घे म्हणावं बिनघोर;
हसायला सही लागत नाही, हास की रे चारचौघांसमोर.

गल्ली फुटली. इतकी वर्षं न हसलेलं सगळं एकदम बाहेर आलं. नार्सिसाबाईंनी तोंडाला पदर लावावा तशी शाल लावली. सर्वांत उंच विधवा भिंतीला टेकून खाली बसली. दॉन विल्फ्रिदो आधी टोपी सावरू लागले, मग त्यांनी टोपी सोडून दिली.

कागद पुतळ्याच्या खिशात गेला. तेव्हा दॉन विल्फ्रिदो पुढे आले आणि त्यांनी फाइलीतल्या कागदांचा अटी लिहिलेला खालचा भाग फाडून दुसऱ्या खिशात कोंबला. आवाजच नाही तर अटी कशाच्या? सह्या तेवढ्या ठेवल्या, आणि डॉक्टर कोबोसांची चेहऱ्याची अट. दॉन हेर्मेलांनी ते पाहिलं. दोन्या एउदोक्सियांनीही पाहिलं. काडी पुढे करायला सात हात आले. स्वतःचाच चेहरा जळताना बघत दॉन विल्फ्रिदोंनी दारूचा ऊन पेला एका घोटात संपवला.

जानेवारीत दोन्या तारहेलिया स्पेनला गेल्या. पहिल्या गरम पावासकट गेल्या.

चित्रपट आधी ज्यांच्या सह्या त्यांना दाखवायचा, असं दॉन विल्फ्रिदोंनी ठरवलं होतं. बेकरीच्या अंगणात पांढरी चादर लावली. सेन्योरिता पिएदाद मांडीवर फाइल घेऊन पुढे बसल्या. चेहरा दिसला की त्या एकेक सही ताडून पाहत. चित्रात आवाज नव्हता. नुसते चेहरे, विस्तवाच्या उजेडात, कान देऊन ऐकणारे. पहिला चेहरा हसला आणि अंगणातून दॉन हेर्मेल पुटपुटू लागले, स्वतःचंच कडवं, अगदी त्या सुरात. मग दोन्या एउदोक्सिया. मग ते भाऊ, एकाच वेळी, आणि "आधी तुम्ही" म्हणून थांबले. कुणाला एखादा शब्द आठवेना तर शेजारी पुरवी. कुणाच्या चुकीवर भांडण लागलं. जो तो आपापलं मृत्युपत्र तोंडानं म्हणत होता, आणि आवाज सगळ्यांचा मिळून थोडाथोडा दोन्या तारहेलियांसारखा येत होता.

शेवटी पडद्यावर एक माणूस आला. टोपी नाही. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय, आणि तो असा हसतोय की आपल्याला कुणी बघतंय याची त्याला शुद्ध नाही. फाउस्तोनं तो चेहरा बराच वेळ धरून ठेवला होता. या वेळी गुच्छ नव्हता.

"थांबवा," सेन्योरिता पिएदाद म्हणाल्या. त्यांनी फाइल पुढून मागे आणि मागून पुढे पाहिली. "यांची सही नाही."

सगळं अंगण मागे वळलं. दॉन विल्फ्रिदो खुर्चीवरून अर्धे उठले आणि चादरीकडे बघत राहिले. हा माणूस त्यांनी आरशात कधी पाहिला नव्हता. सेन्योरितांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं.

"ठेवून द्या," दॉन विल्फ्रिदो म्हणाले. "घरी वाचतो."

असा हशा त्या अंगणात आधी कधी झाला नव्हता. ते मात्र कागद घडी करून खिशात घालून घरी गेले. आणि त्यांनी तो खरोखरच वाचला, प्रत्येक ओळ, जेवणाच्या टेबलावर, दिवा जवळ ओढून. नार्सिसाबाई समोर बसल्या होत्या.

"सही करू ना?" दॉन विल्फ्रिदोंनी विचारलं.

"मला विचारताय?"

"तुलाच आधी विचारतोय."

नार्सिसाबाईंनी मान डोलावली. दॉन विल्फ्रिदोंनी सही केली. मग अटींसाठी सोडलेल्या जागेत, इतक्या माणसांनी इतकं काही गाळायला सांगितलं होतं त्याच जागेत, त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'माझ्या वाट्याचा भाग कापू नये.'